पेट्रोल आत जाईना म्हणजे हवा बाहेर येईना : स्पोर्ट्स कारच्या टाकीचं दुखणं सोप्या भाषेत

पंपावर नोझल घातलं, पोराने खटका दाबला, मीटर अर्धा लिटर पळालं आणि टक्. परत दाबलं, परत टक्. मागं रांग लागलेली, हॉर्न वाजायलेत, पंपावरचा पोरगा म्हणायलाय "साहेब टाकी फुल्ल झाली तुमची", आणि इकडं मीटरवर काटा खाली टेकलेला, पिवळी लाईट लागलेली. ज्यांच्याकडं दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी हे कधी ना कधी भोगलेलं असतं. मग कुणी म्हणतं पंप खराब, कुणी म्हणतं पेट्रोल खराब, कुणी म्हणतं गाडीचा कॉम्प्युटर गेला, आणि खरं कारण बहुतेक वेळा शे-दोनशे रुपयाच्या नळीत किंवा मातीनं बुजलेल्या एका भोकात बसलेलं असतं.

आपल्याकडं महागड्या गाडीची हौस काही आजची नाही, २०१० साली औरंगाबादकरांनी, म्हणजे आताच्या संभाजीनगरवाल्यांनी, एकदम १५० मर्सिडीज बुक केल्या होत्या आणि देशभर बातम्या झाल्या होत्या. आता जालना, लातूर, नांदेडलाबी जुन्या बाजारातून मुंबई-पुणे-हैदराबादची वापरलेली स्पोर्ट्स कार येते. शेंद्र्याला ऑडी जोडल्या जातात हे खरं, पण दोन दारांच्या गाड्या बहुतेक बाहेरूनच तयार होऊन येतात आणि त्यांचं काम जाणणारा माणूस गावात सापडत नाही. गाडी फ्लॅटबेडवर टाकून पुण्याला न्यायची म्हणजे भाडंच केवढं. म्हणून हे दुखणं स्वतःला कळलेलं बरं, निदान मिस्तरीला नीट सांगता तरी येतं की कुठून सुरुवात कर.

टक् कोण करतं

आधी नोझलचं बघू कारण इथंच सगळ्यांचा गैरसमज असतो. लोकांना वाटतं नोझलला टाकी भरल्याचं कळतं. नोझलला टाकीचं काहीच कळत नाही. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं, नीट बघितलं तर दिसतं. त्या भोकापासून एक बारीक नळी आतून मुठीपर्यंत जाते. पेट्रोल जोरात वाहायला लागलं की मुठीतल्या अरुंद जागेतून जाताना ते हवा ओढतं, ती हवा या भोकातून येत राहते. भोकाला हवा मिळतीय तोवर सगळं निवांत. भोकावर पेट्रोल आलं की हवा बंद, मुठीत ओढ वाढते, तिथला रबरी पडदा खेचला जातो आणि खटका सुटतो. यात ना सेन्सर, ना वायर, गाडीशी त्याचं काही बोलणं नसतं. निव्वळ मेकॅनिकल काम आहे आणि मला तरी हे डोकं लावणाऱ्याचं फार कौतुक वाटतं.

म्हणजे टक् चा अर्थ एवढाच, की या क्षणाला नोझलच्या टोकापाशी पेट्रोल आलेलं आहे. टाकी भरल्यामुळं आलं का नळीतच तुंबल्यामुळं आलं, हे त्याला माहीत नाही. रिकामी टाकी आणि टक् ह्याचा अर्थ पेट्रोल खाली उतरायच्या आधीच तोंडापाशी साचतंय.

आता साचतंय का? तर टाकी कधीच रिकामी नसते. पेट्रोल नसलं तर तिथं हवा आणि पेट्रोलची वाफ भरलेली असते. तुम्ही ३० लिटर आत टाकणार तर ३० लिटर हवा-वाफ बाहेर यायलाच पाहिजे, जागा तेवढीच आहे. पंपाचं नोझल मिनिटाला ३०-४० लिटर टाकतं, म्हणजे सेकंदाला अर्ध्या लिटरच्या पुढं. तेवढीच हवा त्याच सेकंदाला उलट्या वाटेनं बाहेर पडली पाहिजे. कॅनच्या तोंडात नरसाळं घट्ट बसवून रॉकेल ओतलं की कसं बुडबुड करून वर येतं आणि नरसाळं जरा उचललं की सुरळीत उतरतं, अगदी तेच. म्हणून पेट्रोल घेत नाही अशी तक्रार असली तरी शोधायचं असतं ते हवा कुठं अडली ते. पेट्रोलची वाट जाड असते, मनगटाएवढी, ती सहसा बंद होत नाही. हवेची वाट बोटाएवढी, कधी करंगळीएवढी, आणि ती लांबची, वळणाची, व्हॉल्वांची.

हवा जाते कुठं

इथं दोन पद्धती आहेत आणि आपली गाडी कुठल्या पद्धतीची हे माहीत असलं की अर्धं काम होतं.

एक पद्धत अशी की टाकीच्या वरच्या भागातून एक ब्रीदर पाईप निघतो आणि फिलर नेकच्या, म्हणजे पेट्रोल टाकायच्या नळीच्या, शेजारून वर येऊन तोंडापाशी उघडतो. टाकीतली हवा त्यातून वर येते आणि नोझलच्या बाजूनं बाहेर जाते. युरोपच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांत बहुतांशी हाच प्रकार, कारण तिकडं वाफ ओढून घ्यायची सोय पंपाच्या नोझलमध्येच करतात.

दुसरी पद्धत अमेरिकेची. तिथं १९९८ पासून नव्या कारना टप्प्याटप्प्यानं सक्ती झाली की पेट्रोल भरताना निघणारी वाफसुद्धा गाडीनंच धरून ठेवायची, याला ओआरव्हीआर म्हणतात. मग टाकीची हवा जाड नळीनं एका डब्यात जाते. त्या डब्यात ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे मुद्दाम सच्छिद्र केलेला कोळसा असतो. तो वाफ धरून ठेवतो आणि स्वच्छ हवा पुढं एका व्हेंट व्हॉल्वमधून, कधी छोट्या फिल्टरमधून, बाहेर सोडतो. ह्या डब्याला कॅनिस्टर म्हणायचं. नंतर इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व उघडतो आणि कोळशात अडकलेली वाफ इंजिन ओढून जाळून टाकतं, म्हणजे कोळसा परत मोकळा.

कॅनिस्टर दोन्हीकडं असतो, आपल्या साध्या पेट्रोल गाडीलाबी असतो, फरक एवढाच की पहिल्या पद्धतीत तो छोटा असतो आणि उभ्या गाडीतली वाफ धरण्यापुरता असतो, दुसरीत तो मोठा असतो आणि भरतानाची सगळी हवा त्याच्यातूनच जाते. त्यामुळं दुसऱ्या पद्धतीच्या गाडीत कॅनिस्टर किंवा त्याच्या पुढचा व्हेंट बुजला की पंपावर लगेच टक् टक्. पहिल्या पद्धतीच्या गाडीत आधी संशय ब्रीदर पाईपवर घ्यायचा.

दोन्हीत टाकीच्या आत, वरच्या बाजूला एक तरंगणारा व्हॉल्व असतो. पेट्रोल ठरलेल्या उंचीला आलं की तो वर उचलला जाऊन हवेची वाट बंद करतो, मग पेट्रोल नळीत चढतं, नोझल टक् करतं, म्हणजे खरी फुल्ल टाकी. हा व्हॉल्व वरच अडकून बसला तर रिकाम्या टाकीलाच फुल्ल असल्यासारखं होतं. गाडी पलटी झाली तर पेट्रोल सांडू नये म्हणून उलट्या स्थितीत बंद होणारा व्हॉल्वबी तिथंच आसपास असतो.

स्पोर्ट्स कारलाच का जास्त

साध्या गाडीत टाकी मागच्या सीटखाली, झाकण मागच्या मडगार्डवर चांगलं उंच, नळी बऱ्यापैकी सरळ खाली उतरते. स्पोर्ट्स कार जमिनीलगत. टाकी चपटी करून जिथं जागा मिळेल तिथं कोंबलेली असते. पोर्शे ९११ चं इंजिन मागं, टाकी पुढं आणि झाकण पुढच्या मडगार्डवर. टोयोटाच्या जुन्या एमआर२ मध्ये तर टाकी दोन सीटच्या मधल्या बोगद्यात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांत टाकी दोन कप्प्यांची असते कारण मधून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा, जायला जागा सोडावी लागते. झाकण आणि टाकी यांच्या उंचीत फरक कमी, त्यामुळं पेट्रोल उतरायला उतार कमी, नळीला तीव्र वळण, आणि जोरात सोडलेली धार त्या वळणावर आपटून उलटी उसळते. उसळलेले थेंब नोझलच्या भोकावर बसले की झालं, टक्. म्हणजे काही गाड्यांत बिघाड काहीच नसतो, नोझल फक्त चुकीच्या कोनात असतं.

दुसरं कारण उष्णता. इंजिन मध्ये किंवा मागं असलेल्या गाड्यांत टाकीच्या आसपास सगळं तापलेलं असतं. त्यात समृद्धीवरून नागपूरकडून १२० नं दामटत जालन्याला उतरलात, बाहेर मे महिना, पारा ४३, आणि तसंच थेट पंपावर लावली, तर आतल्या पेट्रोलची वाफ भरपूर झालेली असते. बाहेर पडायच्या वाटेवर नेहमीच्या हवेबरोबर ही जादाची वाफबी गर्दी करते. वाट थोडीशी जरी अरुंद झालेली असली तर हिवाळ्यात न जाणवणारं दुखणं उन्हाळ्यात वर येतं. म्हणून "डिसेंबरात बरी होती, एप्रिलपासून सुरू झालं" असं कुणी सांगितलं तर ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि तिसरं कारण, माझ्या मते आपल्याकडं सगळ्यात मोठं, ते म्हणजे ह्या गाड्या उभ्या राहतात. रविवारी काढली तर काढली, नाहीतर शेडमध्ये कव्हर घालून. उभ्या गाडीत हवेच्या उघड्या नळीला घर समजून कोण कोण येतं बघा. कुंभारीण माशी तुम्ही बघितलेली असणार, ती भिंतीच्या फटीत, दाराच्या कुलपात, टेपाच्या भोकात ओल्या मातीचं घर लिंपते. तिला व्हेंटची नळी म्हणजे एकदम मापाची जागा. आणि हे फक्त आपल्या शेडमध्येच घडतं असं नाही, २०११ साली माझदा कंपनीला सुमारे ६५ हजार माझदा-६ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या कारण एक पिवळसर कोळी त्यांच्या टाकीच्या व्हेंट नळीत जाळं विणत होता. नळी बुजली की टाकीतली हवा ओढली जायची पण बाहेरून भरायची नाही, टाकी आत दबून तिला चीर पडायचा धोका. २०१४ ला त्याच कारणानं अजून ४२ हजार गाड्या बोलवल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला कोळ्यानं दमवलं, तर आपल्या गाडीच्या नळीत एकदा डोकावून बघायला काय हरकत आहे.

मग आपली काळी माती. पावसाळ्यात चाकानं उडालेला चिखल मडगार्डच्या आत बसतो आणि वाळला की दगडासारखा घट्ट होतो. बऱ्याच गाड्यांत कॅनिस्टर आणि त्याचा व्हेंट मागच्या चाकाच्या वर किंवा शेजारी, प्लास्टिकच्या अस्तराच्या मागंच असतो. उन्हाळ्यात बारीक फुफाटा, पावसाळ्यात चिखल, फिल्टरला आयुष्य किती राहणार. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी नेमकं तिथं मारतात तेबी वाईट. आणि अंडरबॉडी कोटिंग! गंज लागू नये म्हणून काळा थर मारून घेतात, चांगलं आहे, पण मारणाऱ्यानं व्हेंटच्या तोंडावर कागद-टेप लावली नाही तर तो थर व्हेंटलाच कायमचं बंद करतो. कोटिंग केल्यावर महिन्याभरात पंपावर त्रास सुरू झाला असेल तर दुसरीकडं शोधूच नका.

पंपावरच काय काय बघायचं

पहिलं काम दुसरं नोझल, जमलं तर दुसरा पंप. नोझलचा पडदा झिजलेला असला तर ते सगळ्यांनाच टक् करतं. आधीच्या गाडीला बरं चाललं होतं का हे त्या पोराला विचारा, तो खरं सांगतो.

दुसऱ्या पंपावरपण तेच झालं तर नोझल पूर्ण आत न खुपसता इंचभर मागं ओढून धरायला सांगा, मग पाव वळसा फिरवून, मग उलटं. "दादा, खटका लॉक करू नका, हळू हळू सोडा" एवढं सांगायचं. इथं एक खबरदारी आहे, अगदी बारीक धारेला नोझलमधली ओढ पुरेशी तयार होत नाही आणि ऑटो कट चालेलच असं नाही, त्यामुळं हळू भरताना नजर मीटरवर आणि कान नळीवर पाहिजेत, पोराला फोनवर बोलू देऊ नका. गाडी उतारावर तिरकी उभी असेल तर सपाटीला घ्या कारण तिरक्या टाकीत तो तरंगणारा व्हॉल्व वेळेआधीच बंद होऊ शकतो.

आता यावरून काय कळतं ते महत्त्वाचं आहे. हळू भरलं की निवांत घेते आणि जोरात भरलं की टक्, म्हणजे हवेची वाट आहे पण अरुंद झालीय. हळू भरलं तरीबी वर येतं, म्हणजे वाट जवळपास बंद आहे किंवा पेट्रोलच्या नळीतच काहीतरी अडलंय. नोझल फिरवलं की लगेच फरक पडला, म्हणजे फक्त कोनाचा प्रश्न, खर्च शून्य. अर्ध्यापर्यंत छान घेते आणि मग अडते, म्हणजे संशय टाकीतल्या व्हॉल्ववर किंवा काट्यावर. दोन कप्प्यांच्या टाकीत एका बाजूचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता तुकडा, खोटं सांगत असेल तर काटा अर्धा दाखवतो आणि टाकी खरंच भरलेली असते. म्हणून लिटरचा हिशोब धरा. मॅन्युअलमध्ये टाकी ५५ लिटरची लिहिलीय, लाईट लागल्यावर ४५ लिटर गेलं आणि टक् झालं, तर ती टाकी फुल्लच आहे, भांडायचं कारण नाही.

झाकण उघडताना कान द्या. थोडा फुस्स आवाज उन्हाळ्यात नॉर्मल आहे. पण जोरात, लांबलचक फुस्स येत असेल, त्यातबी हवा आत ओढल्यासारखी, तर टाकीला बाहेरची हवाच मिळत नाही आणि व्हेंट बंद असल्याची ही जवळपास खात्रीची खूण आहे.

अजून एक खूण पेट्रोल भरल्यानंतरची. भरून निघालात, स्टार्टर मारला आणि गाडी लवकर स्टार्ट होईना, झाली तर थरथरतीय, दोन मिनिटांनी ठीक. ही पर्ज व्हॉल्व उघडाच अडकल्याची खूण, टाकीतली ताजी वाफ थेट इंजिनात घुसतीय. नुसता पर्ज व्हॉल्व गेला तर पंपावर टक् सहसा होत नाही. टक् आणि हे दोन्ही एकत्र दिसलं तर कॅनिस्टर पेट्रोलनं भिजलेला असण्याची शक्यता जास्त, आणि ते कसं होतं ते आता सांगतो कारण ते आपणच आपल्या हातानं करतो.

राऊंड फिगरची सवय

नोझलनं टक् केलं की पंपावर काय होतं? "साहेब राऊंड फिगर करू का?" मग थोडं, अजून थोडं, गाडी हलवून हलवून अजून थोडं. पहिल्या टक् नंतर टाकीत मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा असते, पेट्रोल तापून फुगतं त्याच्यासाठी आणि वाफेसाठी. तिथं जबरदस्तीनं पेट्रोल कोंबलं की ते हवेच्या नळीत चढतं आणि कॅनिस्टरपर्यंत पोचू शकतं. कॅनिस्टर वाफेसाठी बनवलेला आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, हळूहळू त्याचे दाणे फुटून भुकटी होते, भुकटी नळीतून व्हेंट व्हॉल्वला आणि पर्ज व्हॉल्वला जाऊन बसते, आणि मग एकाऐवजी तीन पार्ट बदलायची वेळ. कॅनिस्टर धुवून, उन्हात वाळवून परत लावायचा प्रकार काही गॅरेजवाले करतात, करू नये, पूर्ण भिजलेला कॅनिस्टर पहिल्यासारखा होत नाही. मला ह्या एका गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, लाखोंची गाडी जपून चालवतात, सिरॅमिक कोटिंग करतात, आणि बारा रुपयांची राऊंड फिगर करायला महागडा पार्ट घालवतात. पहिला टक् झाला की झाकण लावा.

गॅरेजमधलं काम

इथून पुढचं स्वतः करण्यापेक्षा चांगल्या मिस्तरीसमोर उभं राहून करून घ्या. आणि आधी एक गोष्ट, ही सोडून काहीच करू नका. पेट्रोलची वाफ आपल्या कुठल्याही हवामानात पेट घेते, थंडीतसुद्धा, आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. जड म्हणून ती खाली बसते. आपल्याकडं बऱ्याच गॅरेजला लिफ्ट नसते, जमिनीत खड्डा असतो, त्यात उतरून खालचं काम करतात. टाकीची नळी सोडली की वाफ नेमकी त्या खड्ड्यात जाऊन साचते, आणि तिथं पिवळा बल्ब लटकलेला असतो. हे काम खड्ड्यावर नको. उघड्यावर, जॅक आणि भक्कम स्टँडवर, बॅटरी काढून, आसपास वेल्डिंग-ग्राइंडर बंद ठेवून, पावडरवालं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून करायचं. टाकीत पेट्रोल कमी असेल असं बघून जा.

सुरुवात तोंडापासून करा. टॉर्च मारून फिलर नेकमध्ये बघा, आतली पाकळी पूर्ण उघडते का. फोर्डच्या मस्टँगसारख्या गाड्यांत फिरवायचं झाकणच नसतं, योग्य मापाचं नोझल गेलं की आतल्या पाकळ्या बाजूला होतात. त्यात धूळ बसून पाकळी अर्धवट उघडत असेल तर धार तिच्यावरच आपटते. नळीच्या टाकीकडच्या टोकाला बऱ्याच गाड्यांत एकतर्फी झडप असते, पेट्रोल उलटं येऊ नये म्हणून, ती अडकली तर कितीबी हळू भरा, वर येणारच.

मग मागच्या चाकाचं अस्तर काढा, किंवा टाकी पुढं असेल तर पुढचं. ब्रीदर पाईप पूर्ण लांबी हातानं चाचपून बघा. कुठं दबलाय, मुडपलाय, क्लिप जास्त आवळलीय, हे बोटांना लगेच कळतं. गाडी जुन्या बाजारातली असेल आणि त्या बाजूचं मडगार्ड कधी डेंटिंग-पेंटिंगला गेलेलं असेल तर इथं जास्त वेळ द्या, परत बसवताना नळी पत्र्यात दाबून टाकणं हे लई कॉमन आहे आणि विकणारा कधी सांगत नाही. जुनं रबर बाहेरून ठणठणीत दिसतं पण आतला थर सुटून लोंबतो आणि हवेच्या झोताबरोबर वाट बंद करतो. आता सगळीकडं ई२० पेट्रोल आहे, आणि २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचं रबर २० टक्के इथेनॉल धरून बनवलेलं नाही, ते फुगू शकतं, मऊ पडू शकतं. संशय आला तर नळी बदलूनच टाका, तेबी पेट्रोलसाठीचाच होज पाईप, पाण्याचा नाही.

पुढची टेस्ट सगळ्यात कामाची, तिच्यात दुखणं सरळ दोन भागात वाटलं जातं. टाकीकडून कॅनिस्टरला येणारी नळी कॅनिस्टरपाशी सोडायची आणि कॅनमधून, योग्य फनेल लावून, नेहमीच्यापेक्षा जरा जोरात पेट्रोल ओतून बघायचं. नळी सोडल्यावर सहज घ्यायला लागली, तर अडथळा कॅनिस्टरमध्ये किंवा त्याच्या पुढं व्हेंटमध्ये. नळी सोडूनबी वर येतंय, तर अडथळा टाकी आणि त्या नळीच्या दरम्यान, म्हणजे टाकीतला व्हॉल्व किंवा नळी. ही टेस्ट ओआरव्हीआरवाल्या गाडीला लागू. ब्रीदर पद्धतीच्या गाडीत ब्रीदर पाईपचं वरचं टोक सोडून हलकी हवा फुंकून बघतात, टाकीत बुडबुड ऐकू आलं किंवा हवा निवांत गेली तर वाट मोकळी.

हलकी म्हणजे खरंच हलकी. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून टाकीच्या नळीत मारायचा नाही. बऱ्याच टाक्या प्लास्टिकच्या असतात, एवढा दाब सहन करायला बनवलेल्या नसतात, व्हॉल्व तुटतात, आणि कॅनिस्टरमध्ये मारली तर कोळसा उधळून सगळ्या नळ्यांत जातो. भोक साफ करायचं असेल तर नळी दोन्हीकडून सोडून, वेगळी काढून मग हवा मारा.

व्हेंट व्हॉल्व तपासणं सोपं आहे. बहुतेक गाड्यांत तो करंट नसताना उघडा असतो. काढून, स्वच्छ रबराची नळी लावून फुंकायचं, हवा आरपार गेली पाहिजे. मग गाडीपासून लांब नेऊन १२ व्होल्ट द्यायचे, टक् आवाज येऊन हवा बंद झाली पाहिजे. पर्ज व्हॉल्व बरोबर उलटा, करंट नसताना बंद, दिला की उघडा. तोंड लावताना आत पेट्रोलचा ओलावा नाही ना बघा, हातपंप असेल तर तोच वापरा.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, लावला तर पी ०४४६ म्हणजे व्हेंटच्या सर्किटची तक्रार, पी ०४४१ म्हणजे पर्जचा प्रवाह बरोबर नाही, पी ०४५५ मोठी गळती, पी ०४४२ छोटी. कोड आला तर दिशा मिळते, पण कोड नाही म्हणून बिघाड नाही असं समजू नका. व्हेंटच्या तोंडावर माती बसली तर वायरिंग बिचारं एकदम ठीक असतं, कॉम्प्युटरला काही कळत नाही, आणि आपल्याकडच्या सगळ्याच गाड्यांत टाकीची हवाबंद तपासणी करायची सोय असतेच असं नाही. त्यामुळं "कोड नाही आला, गाडी ओके" म्हणून सोडून देणाऱ्या मिस्तरीला अस्तर काढून नळी दाखव म्हणायचं.

पार्टचा क्रम पण सांगून ठेवतो, म्हणजे कुणी एकदम टाकी उतरवायला सांगितलं तर विचारता येईल. आधी साफसफाई आणि नळ्या, मग व्हेंट व्हॉल्व आणि त्याचा फिल्टर, मग कॅनिस्टर, आणि सगळ्यात शेवटी टाकीतला व्हॉल्व. बऱ्याच गाड्यांत तो व्हॉल्व टाकीला कायमचा जोडलेला असतो, म्हणजे अख्खी टाकी बदला म्हणतात, म्हणून वरची दोन भागांची टेस्ट झाल्याशिवाय त्या खर्चाला हो म्हणू नका.

झाकणच उघडेना तर

पेट्रोल भरायची अडचण म्हणून कधी कधी हेच निघतं. फ्लॅप, म्हणजे झाकणावरचं बाहेरचं छोटं दार, सेंट्रल लॉकला जोडलेला असतो, बॅटरी उतरली किंवा छोटी मोटर धुळीनं जाम झाली की फ्लॅप हलत नाही. पाना-स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, रंग जातो आणि बिजागरी तुटते. बहुतेक गाड्यांत डिकीच्या आत, फ्लॅपच्या बाजूच्या अस्तरामागं, हातानं ओढायची दोरी किंवा खटका दिलेला असतो, कुठं आहे ते मॅन्युअलमध्ये असतं. एक जण गाडी अनलॉक करून धरतो आणि दुसरा फ्लॅपवर तळहातानं हलकं दाबून सोडतो, एवढ्यानंबी बऱ्याचदा मोटर सुटते. बिनझाकणाच्या गाडीत कॅननं पेट्रोल टाकायची वेळ आली तर साधं नरसाळं पाकळी उघडत नाही, कंपनीनं दिलेलं लांब फनेल डिकीत स्टेपनीपाशी किंवा टूलकिटमध्ये असतं. जुनी गाडी घेताना ते आहे का बघून घ्या.

आणि पार्ट मुंबईहून, कधी बाहेर देशातून यायला वेळ लागतो, तोपर्यंत गाडी बंदच ठेवली पाहिजे असं नाही, पण दोन गोष्टी तपासून. गाडीत, शेडमध्ये पेट्रोलचा वास येत असेल किंवा खाली कुठं ओल दिसत असेल तर चालवू नका, ती अडथळ्याची नाही, गळतीची खूण आहे. तसंच झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली जात असेल तर व्हेंट मोकळा झाल्याशिवाय लांबचा प्रवास नको, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्याच पंपाला ओढायला जड जातं आणि गाडी रस्त्यात मान टाकते. बाकी ठीक असेल तर सकाळी लवकर, गाडी थंड असताना, अर्ध्या टाकीपर्यंतच, हळू धारेनं भरा. पंप ओळखीचा धरा, तिथल्या पोराला एकदा नीट समजावून सांगितलं की पुढच्या वेळी तो स्वतःच नोझल तिरकं धरतो. आणि काटा पाव टाकीवर आला की भरून घ्या, लाईट लागायची वाट बघत लातूरहून नांदेडला निघू नका.